टॉनिकच्या बाटलीतलं अत्तर

आमच्या मळ्यात मोटरची एक खोली आहे आणि त्या खोलीत औषधांची फळी आहे. फळीवरची प्रत्येक बाटली मी स्वतः ठेवतो. किडीची औषधं डावीकडे, बुरशीची मधे, टॉनिक उजवीकडे. प्रत्येक टोपणावर मार्करने लिहिलेलं असतं: सोळा लिटरच्या पंपाला किती मिली आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही. घरातले काही नियम मीच केलेले आहेत. एका बाटलीतलं औषध दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही. उघडलेली बाटली आधी संपवायची, मगच नवी फोडायची. रिकामी बाटली ठेवायची नाही, तिला भोक पाडून खड्ड्यात पुरायची. शेजारच्या मळ्यात कोणी पाण्याच्या बाटलीत तणनाशक भरून ठेवलेलं दिसलं, तर मी बांधावर उभा राहून त्याला दोन गोष्टी ऐकवतो. लोक मला किरकिऱ्या म्हणतात, आणि ते खरंही आहे.

गेल्या उन्हाळ्यात पहिला आणि तिसरा नियम मी स्वतः मोडला. एका अत्तरासाठी मोडला. हे वाक्य लिहायलाही मला वेळ लागला.

आमचा मळा वाशिमपासून जवळ आहे, दीड एकर. वांगी, भेंडी, दोडकी आणि बारमाही सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोणी कोथिंबीर म्हणत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर सांबार येत नाही, म्हणून हिरव्या जाळीखाली चार वाफे करतो. मुलं शिकायला बाहेर आहेत. मळ्यात आम्ही दोघंच, मी आणि बायको. ती सातवी शिकलेली आहे. पंप तीही मारते आणि माझ्याइतकाच चांगला मारते.

चैत्रात एका नातेवाइकाला भेटायला शिरपूरला गेलो होतो. परतीच्या बसला वेळ होता आणि स्टँडवर सावली नव्हती. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकाने मोठी छत्री लावून अत्तराची गाडी उभी केली होती. मी त्या छत्रीखाली केवळ उन्हासाठी उभा राहिलो. गाडीवाला तिशीतला असेल. त्याने न विचारता माझा हात धरला आणि मागच्या बाजूला काचेची कांडी टेकवली.

"घेऊ नका काका, वास तं घ्या. वासाचे पैसे नाही लागत."

मी हात नाकाशी नेला. पहिल्यांदा काकडीचा कोवळा वेल मोडल्यावर येतो तसा हिरवा, ओला वास आला. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, तर त्याच्या मागून मोगरा आला. उमललेला नाही, कळीतला. उमललेल्या मोगऱ्याने डोकं चढतं, याने चढत नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी भिजलेल्या वाळ्यासारखं काहीतरी, अगदी थोडं.

"हिना थंडीचा, गुलाब लग्नाचा," तो म्हणाला. "हे गर्मीचं हाय. याले घामाचा राग नाही येत."

मी पुन्हा हात हुंगला. हा वास मला माहीत होता. पहाटे जाळीचं दार उघडलं की आमच्या सांबाराच्या वाफ्यांतून असाच वास येतो, कोणी काही फवारायच्या आधी. त्यानंतर दिवसभर माझ्या अंगाला गंधकाचा, औषधाचा आणि लसणाचा वास असतो. दोनदा अंघोळ केली तरी कॉलरमधून जात नाही. इतक्या वर्षांत मी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"घरच्यांसाठी काय?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

हे खोटं होतं, आणि ते किती सहज निघालं याचं मला बसमध्ये बसल्यावर नवल वाटलं. त्याने तेल आणि स्पिरिट मिसळून फवाऱ्याच्या काचेच्या बाटलीत भरून दिलं. हिरवं पाणी, सोनेरी टोपण. किती पैसे दिले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगत नाही.

आता यात लाजण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारेल. लग्नात दारात उभा असलेला माणूस अत्तर लावतो तेव्हा आम्ही सगळेच हात पुढे करतो. पण ते आपल्याला लावलेलं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या भाजीवाल्याने स्वतःसाठी, स्वतःच्या पैशाने, मोगऱ्याचा वास विकत घ्यावा, ही गोष्ट वेगळी. आमच्या बाजारात अशा माणसाबद्दल दोनच निष्कर्ष निघतात. एक तर बाहेर कोणी बाई आहे, नाहीतर डोकं फिरलंय. दोन्हींत घरच्या माणसांची मान खाली जाते.

आणि तिसरी एक गोष्ट होती, जी फक्त मला आणि बायकोला माहीत होती. ती मोगऱ्याची.

लग्नानंतर काही वर्षांनी बायकोने विहिरीच्या काठाशी मोगऱ्याची काडी लावली होती. ती लागली. मग आम्ही ठिबक केलं तेव्हा नळीच्या शेवटच्या टोकाला तिने मोगऱ्यासाठी एक ड्रीपर बसवून घेतला. मी हिशोब केला. तो ड्रीपर ताशी चार लिटर पाणी टाकत होता, आणि तेवढ्या पाण्यात वांग्याचं एक झाड निघत होतं. मी तिला विचारलं, "याचं उत्पन्न काय?" मी ड्रीपर काढला आणि तिथे प्लास्टिकची गुडी, म्हणजे बूच, ठोकली. हिशोब बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. मोगरा त्यानंतरही जगला. कसा जगला, हे मी कधी विचारलं नाही.

त्या बाईच्या घरात मी मोगऱ्याचं अत्तर घेऊन कसा जाणार? पेटीचा, कपाटाचा एकेक कोपरा तिच्या हाताखालचा. मोटरच्या खोलीतही ती रोज येते, आणि सोनेरी टोपणाची बाटली तिथल्या फळीवर कोणालाही खुपली असती. तेवढ्यात टॉनिकची एक लहान बाटली संपली होती. आम्ही सांबाराला जे टॉनिक मारतो ते समुद्री शेवाळाचं असतं, हिरवंच दिसतं. मी ती बाटली साबणाने धुतली, तीनदा खळबळली, उन्हात वाळवली आणि तिच्यात अत्तर ओतलं. काचेची बाटली खड्ड्यात पुरली. टॉनिकची बाटली फळीच्या उजव्या टोकाला, भिंतीला चिकटवून ठेवली. तिच्या टोपणावर जुनंच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात: पंपाला चाळीस मिली. ते मी पुसलं नाही. पुसून दुसरं काय लिहिणार होतो?

मग काही दिवस माझे फार चांगले गेले. दुपारी बायको जेवायला घरी जायची. मी मोटरच्या पाइपाखाली अंघोळ करायचो, बनियनच्या गळ्याला दोन थेंब लावायचो आणि निंबाखाली बाजेवर पडायचो. ऊन जाळीवर तापत असायचं. मी काही विचार करत नसे, हिशोबही नाही. नुसता वास यायचा, जायचा, वाऱ्याबरोबर परत यायचा. बायको यायच्या आधी मी उठून साबणाने गळा धुवायचो आणि शर्ट चढवायचो. शर्टाला गंधकाचा वास असायचाच. त्याचा तेव्हा उपयोग झाला.

वैशाखात मानोऱ्याला नात्यातलं एक लग्न होतं. मी एकटाच गेलो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सांबाराचा मोठा माल द्यायचा होता. वाशिमच्या बाजारात एक म्हातारी बसते, आमचा सांबार वर्षानुवर्षं तीच घेते. सगळे तिला मावशी म्हणतात. तिच्याकडे एका लग्नाच्या आचाऱ्याची मागणी होती. कापणी, जुड्या आणि गाडीत माल भरणं बायको करणार होती, आणि मी मुक्काम करून सकाळच्या बसने परस्पर बाजारात पोचणार होतो.

त्या दिवशी ऊन भयंकर होतं. जाळीखालीसुद्धा सांबाराने माना टाकल्या. अशा वेळी मी काय करतो ते बायकोने कितीदा पाहिलेलं. टॉनिक विषारी नसतं, त्याला तोडणी थांबवावी लागत नाही. दिवस कलताना एक पंप मारला की सकाळी पानं उभी राहतात. ती मोटरच्या खोलीत गेली. उजवीकडे टॉनिकच्या दोन बाटल्या होत्या, एक सीलबंद आणि एक उघडलेली. उघडलेली आधी संपवायची. तिने टोपणावरचं वाचलं आणि मापाने चाळीस मिली पंपात टाकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. औषधं पाण्यात पडली की तशीच होतात, त्यामुळे तिला शंका आली नाही. वास आला, पण तो चांगला होता. तिने चारही वाफ्यांवर पंप मारला.

हे सगळं मला नंतर कळलं. सकाळी मी बसमधून उतरून बाजारात गेलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मावशीने मला लांबूनच पाहिलं.

"या, नवरदेव, या!"

मला वाटलं लग्नाहून आलो म्हणून म्हणते. मी हसलो. आजूबाजूच्या भाजीवाल्या माझ्यापेक्षा जास्त हसल्या.

"काय मारलं बाप्पा सांबाराले?" मावशी म्हणाली. "सकायपासून लोकायची बोलनी खाऊन राह्यली मी. एक बाई आली, म्हने मावशी, सांबार मांगतला होता, तुमी गजरा देल्ला. आचाऱ्याचा पोरगा दोनदा येऊन गेला. म्हने वरनाले नवरदेवाचा वास येऊन राह्यला, मानूस जेवाले बसला का वरातीत आला समजत नाही."

तिने एक जुडी माझ्या नाकाशी धरली.

पहिल्या श्वासातच मला कळलं. काकडीचा वेल, कळीतला मोगरा, शेवटी वाळा. बाजारातल्या गर्दीत, दहा माणसांसमोर, माझा दुपारचा वास माझ्या सांबारातून येत होता. तिच्या हातातली जुडी मी घेतली. जुडी मी हातातून सोडली नाही, नुसती घट्ट धरली.

"हासू द्या लोकाले," मावशी आवाज खाली करून म्हणाली. "पन भाऊ, विषारी तं नाही ना? तुमचा माल म्हून मी डोये मिटून इकते. कोनी इचारलं तं सांगते, हा मानूस दिवस मोजल्याबिगर पान तोडत नाही."

"नाही नाही," मी म्हणालो. "टॉनिक असन. पाहून सांगतो."

"असन?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमाले मालूम नाही?"

तिने हे टोचून विचारलं नव्हतं. मला माहीत नाही ही गोष्ट तिला खरोखर नवी होती. मी जुडी पिशवीत टाकली आणि मळ्याकडे निघालो. उरलेला माल विकू नको, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. तेही मला रस्त्यात सुचलं, आणि सुचूनही मी मागे वळलो नाही.

मळ्यात बायको मोटरच्या खोलीसमोर जमिनीवर बसली होती. मावशीने तिला आधीच फोन केला होता. फळीवरच्या सगळ्या बाटल्या तिने खाली ओळीने मांडल्या होत्या. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते; राखेने, साबणाने, परत राखेने घासलेले. मला पाहून ती उठली नाही.

"मी कोनतं औषध मारलं?" तिने विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली.

"सकायी मी त्याचीच चटनी करून भाकरीसंग खाल्ली. कापता कापता जुडी बाजूले ठेवली होती घरच्यासाठी. आता पोटात मयमय करून राह्यलं. डाक्टरकडे जाऊ काय आपुन?"

"काही नाही होत," मी म्हणालो. "टॉनिकच हाय ते."

"टॉनिकाले असा वास असते?"

"नवीन आलंय."

"मंग तुमी मले काहून नाही सांगतलं? दर खेपेले नवीन आनलं का तुमी सांगता."

मोटर पाहतो म्हणून मी आत गेलो. मोटर बंदच होती. तिथून वांग्यांत गेलो, भेंडीत गेलो, दोडक्याच्या मांडवाखाली उभा राहिलो. तिच्या पोटात विष नाही हे त्या वेळी जगात फक्त मला माहीत होतं. दोन शब्दांत सांगता आलं असतं. ते दोन शब्द मी तोंडात जुळवत होतो आणि दर वेळी मला मोगऱ्याजवळ ठोकलेली ती गुडी दिसत होती. इतक्या वर्षांत मी तिच्याशी हुशारीने वागलो असेन, कंजुषीने वागलो असेन, पण ती घाबरलेली असताना मी तिच्यापासून लपून दोडक्याच्या मांडवाखाली कधी उभा राहिलो नव्हतो.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सावली सरकली होती एवढं खरं.

परत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती. ती बाटली तिच्या मांडीवर होती. ती लेबलावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती, पोरं पहिलीत वाचतात तसं, ओठ हलवत. शेवटपर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग टोपणावरचं माझं अक्षर वाचायची.

"टॉनिकच लिहेल हाय," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "मले तं वाचता येते. मी चुकली कशी? का बाटलीच दुसरी घेतली मी?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तू नाही चुकली. ती बाटली मायी हाय."

"सगया तुमच्याच हायेत."

"तसं नाही. तिच्यात टॉनिक नाही. अत्तर हाय. मी भरून ठेवलं होतं."

तिला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. ती माझ्याकडे, मग बाटलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "कोनासाठी?"

"कोनासाठी नाही."

"अत्तर मानूस उगाच घेते काय? कोनासाठी?"

"मायासाठी," मी म्हणालो. "मी लावतो. दुपारी. तू घरी गेली का."

कोणी बाई असती तर ते सांगणं याहून सोपं गेलं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, हसूही आलं नाही. एकदा तिने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तो पोटातल्या भीतीचा होता. ती भीती एवढा वेळ तिथे मी ठेवली होती.

"म्हंजे मी मरत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आन हे तुमाले बजारातच कयलं होतं."

मी मान हलवली.

बाटलीचं टोपण काढून तिने वास घेतला, या वेळी सावकाश, डोळे मिटून.

"हा तं आपल्या वाफ्याचाच वास हाय," ती म्हणाली. "पहाटचा."

शिरपूरच्या छत्रीखाली मला जे कळायला दोनदा हात हुंगावा लागला, ते तिने एकदाच ओळखलं. मग तिने विहिरीकडे पाहिलं. मोगरा तिथे उभा होता, कंबरेएवढा, फुलांनी भरलेला. तिने नुसतं पाहिलं. मी जमिनीकडे पाहत बसलो. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या.

"मावशीले काय सांगून आले?" तिने विचारलं.

"टॉनिक असन म्हनलं."

"मंग उठा. लोकायनं खाल्लं हाय ते. कोनी पोराले चारलं असन. जा आन सांगा काय होतं ते."

"फोन करतो ना."

"फोन नाही. तिथं जाऊन सांगा. सकायी तिनं आपल्यासाठी लोकायची बोलनी खाल्ली."

मी गेलो. मावशीसमोर, शेजारच्या भाजीवाल्यांसमोर आणि भाव विचारत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की त्यात औषध नाही, अत्तर आहे. पण अत्तर खायची वस्तू नाही, म्हणून सगळा माल मी परत घेतो. कोणाचं अत्तर, हे मावशीने विचारलंच.

"मायं."

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिच्यामागे सगळी ओळ.

"व माय! आन मी म्हनो, हा मानूस सगया दिवसाचा हिशोब करते, याच्या जिवाले कशाची हौस असन का नाही!" मग ती थांबली. डोळे पुसत म्हणाली, "पन भाऊ, हे सकायीच सांगाले काय झालं होतं? मी तं दुपारपर्यंत इकलं ना."

तिचं हसणं मी सोसलं असतं. हा प्रश्न सोसवला नाही. उरलेल्या जुड्या मी पोत्यात भरल्या. आचाऱ्याकडे गेलो, त्याच्याकडचा उरलेला सांबार घेतला. ज्या गिऱ्हाइकांची नावं मावशीला आठवत होती त्यांच्या दारात गेलो. एका घरी बाई म्हणाली, आम्ही आमटीत टाकून खाल्लं, पाहुण्यांना आवडलं. मी तिलाही तेच सांगितलं आणि काही त्रास झाला तर कळवा म्हणालो. कोणाकडून काही कळलं नाही. पण मावशीला सगळे आठवत नव्हते. त्या न सापडलेल्या जुड्या मला अजून आठवतात, ताटात बसल्यावर, सांबार दिसला की.

संध्याकाळी मळ्यात येऊन मी उरलेलं अत्तर बांधाच्या कडेला ओतलं, बाटलीला खिळ्याने भोक पाडलं आणि ती खड्ड्यात पुरली. मग विहिरीकडे गेलो आणि मोगऱ्याजवळची गुडी काढून ड्रीपर बसवायला लागलो. बायको भांडी घासायला तिथेच आली होती. भांडी विसळून झाल्यावर तिने परातीतलं पाणी मोगऱ्याच्या बुडाशी ओतलं. हाताला इतकी सवय होती की तिने तिकडे पाहिलंही नाही.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "त्याले माया पान्याची सवय हाय."

मी ड्रीपर खिशात घातला.

त्या चार वाफ्यांतला सांबार मी विकला नाही. उपटलाही नाही; तसाच सोडला. उन्हात तो लवकर फुलावर आला, पांढऱ्या बारीक फुलांनी सगळी जाळी भरली. पहाटे दार उघडलं की वास यायचा, हिरवा आणि फुलांचा, दोन्ही मिळून. मी दारातच थांबायचो. बायको एकदा मागून आली, तीही थांबली. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. बोलायला मीच सुरुवात करायला हवी होती, हे मला माहीत होतं.

बाजारात मला अजून नवरदेव म्हणतात. त्याची आता सवय झाली आहे, कधी कधी मीही हसतो. लाज वाटते ती त्याची नाही.

परवा वांग्यांवर फवारणी होती. बायको पंप भरत होती. टोपणावर मी नवीन मार्करने ठळक लिहिलं होतं. तिने ते वाचलं. मग टोपण काढलं आणि बाटली नाकाशी नेली.

"अवं, वास घेत जाऊ नको," मी म्हणालो. "विषारी हाय ते. लिहेल हाय ना वर."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाटली पुन्हा नाकाशी नेली, खात्री केली आणि मापाने औषध पंपात ओतलं. हल्ली ती प्रत्येक बाटलीचं असंच करते. मी रोज पाहतो, आणि दुसऱ्यांदा तिला नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही.